सुरतेचा धडा : ताम्रपटापासून तबकडीपर्यंत

'अक्षर' म्हणजे जे झिजत नाही, नाश पावत नाही ते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु अक्षर ज्या वस्तूवर उमटते ती वस्तू मात्र कधीच अक्षर नसते. भूर्जपत्राचे तुकडे पडतात, ताडपत्रास कसर लागते, कागद पाण्याने विरतो, शाई उडून जाते. आपल्या पूर्वजांना याची जाणीव पुरेपूर होती. म्हणूनच पोथी लिहून पुरी झाली की लेखक तिच्या अखेरीस वाचकाला विनवीत असे की, हिला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपा. लिहिण्याचे श्रम आपले, पण राखण्याचे श्रम पुढच्यांचे, हा त्या विनवणीचा आशय होता. आजच्या घरात पोथीची जागा संगणकातील फाइलींनी घेतली आहे, आणि त्या फाइली दीर्घकाळ राखण्यासाठी अनेकांनी लेसर किरणाने लिहिल्या जाणाऱ्या तबकडीचा, म्हणजे सीडी, डीव्हीडी व ब्लू-रे यांचा आश्रय घेतला आहे. या नव्या पोथीचे आयुष्य किती आणि तिची विनवणी कोणती, याचा विचार सुरत शहराच्या इतिहासाच्या आधाराने करावा असे आम्ही योजिले आहे.

सुरतच का, ते एका घरगुती प्रसंगावरून ध्यानी येईल. आमचे एक स्नेही मूळचे फोंडा महालातील. त्यांचे कुटुंब व्यवसायानिमित्त दोन पिढ्यांपूर्वी तापीकाठी येऊन स्थिरावले. घरच्या वृद्ध मातोश्रींच्या कंठात कोंकणी ओव्या, लग्नातील गाणी आणि कुलदेवतेच्या आरत्या यांचे मोठे भांडार होते. २००३ साली मुलांनी त्यांचा आवाज उतरवून घेतला व दोन सीडींवर भरला. एक सीडी सुरतेस राहिली, दुसरी मडगावला लेकीकडे गेली. पुढे ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला आणि घराच्या तळमजल्यात पाणी भरले. ते ओसरल्यावर पाहतात तो छायाचित्रांच्या अल्बमांचा लगदा झालेला. जमाखर्चाच्या वह्या, पत्रिका, जुनी पत्रे, सारे गेलेले. सीडी मात्र चिखलातून काढून स्वच्छ पाण्याने धुतली, पुसली, आणि ती गाऊ लागली! घरच्यांस वाटले, ही वस्तू अमर आहे. तिच्यावर मातोश्रींच्या छायाचित्राचा कागद चिकटवून त्यांनी ती दिवाणखान्यात खिडकीसमोरच्या काचेच्या कपाटात मांडून ठेविली.

काही वर्षांनी मातोश्री निवर्तल्या. एका श्राद्धतिथीस नातवंडांना त्यांचा आवाज ऐकवावा म्हणून सीडी यंत्रात घातली, तो यंत्र नुसते फिरत राहिले. आवाज काही येईना. जे महापुराने केले नाही ते खिडकीतील उन्हाने आणि चिकटवलेल्या कागदाने निमूटपणे केले होते. सुदैवाने मडगावची सीडी डबीत घालून अंधाऱ्या कपाटात उभी ठेवलेली होती. ती वाचता आली, म्हणून आजीचा आवाज नातवंडांच्या कानी पडला. त्या घरातील आवाज वाचला तो सीडीच्या चिवटपणामुळे नव्हे, तर दुसरी प्रत दुसऱ्या गावी होती म्हणून.

ही गोष्ट सुरतेस नवी नाही. किंबहुना या शहराचा लेखी इतिहास आपल्यापर्यंत पोहोचला तो नेमका याच रीतीने. सुरतेवर आलेली संकटे आठवून पाहा. एप्रिल १८३७ मध्ये शहरास लागलेल्या आगीत नऊ हजारांहून अधिक घरे जळाली. लाकडी बांधणीची दाट वस्ती असल्याने आग दिवसरात्र धुमसत राहिली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तापीच्या पुराने उरलेल्यास गाठले. पुढील काळातही नदी वारंवार कोपली. १९७२ साली उकाईचे धरण पुरे झाल्यावर भय सरले असे वाटले होते. परंतु २००६ मध्ये त्याच धरणातून सोडाव्या लागलेल्या पाण्याने शहराचा फार मोठा भाग बुडाला. अशा शहरात घराघरांतील, पेढ्यांतील व देवळांतील किती कागद नाहीसे झाले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

तरीही सतराव्या शतकातील सुरतेची हकीकत आपणांस इतक्या तपशिलाने कशी ठाऊक आहे? श्रीशिवछत्रपतींनी जानेवारी १६६४ मध्ये व पुन्हा ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेवर केलेल्या स्वाऱ्यांचे दिवसवार वर्णन आपण वाचतो, ते बहुतांशी तेथील इंग्रज व डच वखारींच्या कागदांवरून. छत्रपतींचे स्वतःचे दप्तर रायगडावर होते. गड १६८९ मध्ये मोगलांच्या हाती गेला, आणि १८१८ च्या वेढ्यात गडावरील वाडे आगीत जळाले. ते मूळ दप्तर आज आपणांजवळ नाही. परक्या व्यापाऱ्यांचे कागद मात्र राहिले. ते कागद काही अधिक पवित्र नव्हते, की त्यांची शाई अधिक चांगली नव्हती. वखारीची रीत मात्र ठरलेली होती. रोजनिशी व सल्लामसलतीची वही वखारीत ठेवायची, तिची नक्कल करून विलायतेस पाठवायची, आणि महत्त्वाच्या पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांतून रवाना करायच्या. एक जहाज वादळात बुडाले तरी दुसरे पोहोचेल, हा हिशेब त्यामागे होता. इंग्रजांच्या सुरत वखारीचे कागद आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि वखारीच्या रोजनिश्या मुंबईस महाराष्ट्र शासनाच्या अभिलेखागारात आहेत. डचांचे कागद हेग येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. सुरत जळली, बुडाली, तरी तिची वाणी तीन शहरांत शिल्लक राहिली.

आम्हां गोमंतकाशी नाते सांगणाऱ्यांना तर हा न्याय अधिकच ओळखीचा वाटावा. सोळाव्या शतकात श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आले, श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली. देव नदीपलीकडे नेता आले म्हणून राहिले. मागे राहिलेल्या देवालयांचे काय झाले ते सर्वश्रुत आहे. त्याच काळी आपल्या देशी लिपीतील ग्रंथांचाही नाश झाला. परंतु परदेशी धर्मोपदेशकांनी आपल्या अभ्यासासाठी रामायण-महाभारतातील कोंकणी कथा रोमन लिपीत उतरवून घेतल्या होत्या, व ती हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा शहराच्या ग्रंथालयात टिकून राहिली. मूळ गेले आणि नक्कल उरली; तीही ज्यांना या कथांविषयी भक्तिभाव नव्हता अशांच्या घरी! प्रतीची महती याहून अधिक ती काय सांगावी?

आता तबकडीकडे वळू. तिचा पूर्वज शोधायचा तर तो आपल्या ताम्रपटात सापडतो. सुरतेतच उपलब्ध झालेला लाटदेशच्या चालुक्य त्रिलोचनपालाचा ताम्रपट शके ९७२ चा, म्हणजे सुमारे पावणेदहाशे वर्षांपूर्वीचा आहे. ताम्रपट घडविणाऱ्यांची दृष्टी पाहण्याजोगी होती. पहिल्या व शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू बहुधा कोरी ठेवीत, म्हणजे घासणी लागली तरी अक्षरांस लागू नये; पत्र्यांच्या कडा किंचित उचललेल्या असत, म्हणजे एकाचा लेख दुसऱ्यावर घासू नये; आणि सर्व पत्रे एका कडीत ओवून वर मुद्रा ठोकीत, म्हणजे कोणी पत्रा बदलू नये. लेख कोरण्याइतकेच त्याचे रक्षणही त्या कारागिरांनी शास्त्र मानले होते.

सीडी बाजारात आली ती १९८२ साली, फिलिप्स व सोनी या दोन कंपन्यांच्या सहकार्याने. १२० मिलिमीटर व्यासाच्या व १.२ मिलिमीटर जाडीच्या या चकतीवर एकच रेषा मध्यापासून बाहेर वेढे घेत जाते. ती उलगडली तर पाच किलोमीटरांहून अधिक लांब भरेल. कारखान्यात छापलेल्या गाण्यांच्या सीडीत या रेषेवर सूक्ष्म खळगे असतात, व लेसरचा किरण त्यांवरून परावर्तित होऊन मजकूर वाचला जातो. इथपर्यंत ही ताम्रपटाचीच जात. परंतु आपण घरी लिहितो ती सीडी वा डीव्हीडी वेगळी. तिच्यात खळगे नसतात; एका सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो आणि लिहिणारा लेसर त्या रंगास जागोजाग भाजून त्याचे रूप पालटतो. म्हणजे ते कोरणे नव्हे, रंगविणे होय. जो रंग प्रकाशाने पालटतो तो पुढे उन्हानेही पालटणारच. आमच्या स्नेह्यांच्या घरी घडले ते हेच.

रंगाच्या मागे आरशासारखा धातूचा थर असतो. त्याचे वर्तन सुरतकरांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही, कारण जर हा त्यांच्या शहराचा पिढीजात धंदा आहे. रुप्याची तार हवेतील गंधकयुक्त वायूंनी काळवंडते, सोन्याचा मुलामा जाड असेल तर तेज टिकते, हे देवीच्या जुन्या शालूचा पदर पाहणाऱ्या प्रत्येकास माहीत आहे. लिहिण्याच्या सीडीत हा आरसा बहुधा रुप्याचा असतो. काही उत्पादकांनी दीर्घकालीन साठ्यासाठी सोन्याचा केला. सोने काळवंडत नाही हे खरे, परंतु त्याच्याखालचा रंग कच्चा असेल तर सोन्याचा काय उपयोग? शिवाय सीडीत हा आरसा वरच्या, म्हणजे नाव लिहिण्याच्या बाजूस लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. म्हणून वरून पडलेला ओरखडा खालच्या ओरखड्याहून अधिक घातक ठरतो. डीव्हीडीत लेख दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. ताम्रपटाच्या कोऱ्या बाहेरच्या बाजूंची येथे आठवण होते.

सीडीत सुमारे ७०० मेगाबाइट मावतात, साध्या डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट, एकपदरी ब्लू-रेत २५ गिगाबाइट. पाच मेगाबाइटांचे एक छायाचित्र धरले तर एका ब्लू-रेवर सुमारे पाच हजार छायाचित्रे राहतात. एका कुटुंबाची पिढीभराची मंगलकार्ये त्यात आली. टिकाऊपणातही साधी लिहिण्याची ब्लू-रे पुढे आहे, कारण तिच्यात बहुधा सेंद्रिय रंगाऐवजी अकार्बनी थर असतो. सेंद्रिय रंगाचीही एक स्वस्त जात निघाली होती; ती दीर्घकाळासाठी घेऊ नये. अमेरिकेतील मिलेनियाटा नामक कंपनीने दगडासारख्या अकार्बनी थराची 'एम-डिस्क' काढली व ती हजार वर्षे टिकेल असे सांगितले. हा आकडा उष्णता व दमटपणा मुद्दाम वाढवून केलेल्या चाचण्यांवरून काढलेला अंदाज असतो. तबकडी हजार वर्षे टिकेल न टिकेल, ती कंपनी मात्र २०१६ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

तबकडीचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे, कारण त्याच गुणात तिचा धोका दडलेला आहे. वेदपाठी ब्राह्मणांनी संहितेबरोबर पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ व घनपाठ सिद्ध केले. शब्द पुढून मागून पुन्हा पुन्हा गुंफल्याने एखादे अक्षर चुकले तर ते तत्काळ उघडकीस येई. १९६० साली अर्व्हिंग रीड व गुस्ताव सॉलोमन या अमेरिकन गणितज्ञांनी बसविलेल्या पद्धतीने तबकडीवरही मूळ मजकुरासोबत पडताळ्याचे जादा आकडे लिहिलेले असतात. ओरखड्याने काही भाग गेला तरी त्या आकड्यांवरून तो पुन्हा उभा करता येतो. परंतु याचा परिणाम असा की, तबकडी आतून झिजत असताही वाचकास काही कळत नाही. दुरुस्तीची शक्ती संपेपर्यंत प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येतो, आणि ती संपली की एकाएकी काहीच येत नाही. पोथीला कसर लागली तर दिसते; तबकडीची कसर दिसत नाही. म्हणूनच ती चालते आहे तोवरच तिची परीक्षा करून नवी प्रत काढली पाहिजे.

वस्तू टिकली तरी ती वाचणारा टिकला पाहिजे, हा दुसरा विचार. सुरत ज्या १८३७ साली जळाली त्याच वर्षी कलकत्त्यास टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप याला ब्राह्मी लिपीचा उलगडा झाला. अशोकाचे लेख दोन हजार वर्षे शिळांवर अभंग होते. त्यांतील एक अक्षरही वाचणारा मधल्या कित्येक शतकांत उरला नव्हता. फार दूर जाणे नको. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीचे लक्षावधी कागद आहेत, गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडीचे ४५ खंड प्रसिद्ध केले, पण उरलेले वाचण्यास आज मोडी जाणणारे मूठभरही मिळत नाहीत. तबकडीची मोडी होण्याची वेळही दूर नाही. नव्या संगणकांत तबकडी वाचण्याचे यंत्र सहसा नसते. एके काळी जगातील मोठ्या तबकडी-उत्पादकांत गणली गेलेली आपली मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली. पॅनासॉनिकने लिहिण्याच्या ब्लू-रेचे उत्पादन २०२३ मध्ये थांबविले, सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये. इतर काही उत्पादक अद्याप आहेत; पण वारा कोणत्या दिशेचा आहे हे सांगावयास नको.

मग तबकडी टाकून द्यावी काय? आमचे तसे मत नाही. संगणकातील चुंबकीय चकती एका धक्क्याने बंद पडते. दूरच्या कंपनीच्या संगणकांवर ठेवलेला साठा भाडे थकले किंवा परवलीचा शब्द घरातील कर्त्याबरोबरच गेला की हाताबाहेर जातो. एकदाच लिहिता येणारी तबकडी कोणास खोडता येत नाही, ती वीज मागत नाही, आणि पुरात भिजूनही वाचू शकते. तापीकाठच्या शहरास हे गुण लहान नव्हेत. परंतु ती एकटी पुरेशी नाही. वखारीच्या मुनिमांनी जे केले ते आपण केले पाहिजे.

त्याची रीत थोडक्यात अशी. प्रत्येक महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात. त्यांपैकी दोन वेगळ्या जातीच्या वस्तूंवर आणि एक निश्चितपणे दुसऱ्या गावी. सुरतेची प्रत फोंड्यास, फोंड्याची मुंबईस, असा व्यवहार आपल्या कुटुंबांत सहज होण्यासारखा आहे. तबकडी नामांकित उत्पादकाची घ्यावी, सावकाश वेगाने लिहावी, आणि लिहिल्यावर लगेच वाचून मूळ मजकुराशी ताळा करावा. संगणक प्रत्येक फाइलीचा ताळ्याचा आकडा काढून देतो. ते आकडे एका कागदावर छापून तबकडीसोबत ठेवावेत, म्हणजे वीस वर्षांनीही अक्षर न् अक्षर तेच आहे की नाही हे पडताळता येईल. छायाचित्रे व लेख सर्वत्र वाचता येणाऱ्या साध्या प्रकारांत ठेवावेत. तबकडीवर कागद चिकटवू नये. मधल्या पारदर्शक वर्तुळावर पाण्याच्या शाईच्या मऊ लेखणीने नाव व साल लिहावे. तिला पुस्तकाप्रमाणे उभी, अंधारात, कोरड्या व शक्य तितक्या थंड जागी ठेवावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविज्ञान संस्थेने २००३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेतील सूचना याच धर्तीच्या आहेत. वाचण्याचे एक स्वतंत्र यंत्रही सोबत जपून ठेवावे. आणि दर पाच-सात वर्षांनी, कोणतीही तक्रार नसताना, नवी प्रत काढावी.

हे केवळ घरच्या छायाचित्रांपुरते नाही. आपल्या देवस्थानांच्या महाजनांची नामावली, जुन्या उत्सवांचे जमाखर्च, दानपत्रे, वृद्ध पुजाऱ्यांच्या मुखातील आरत्या व पदे, हे सारे ज्या देवळांत एकाच कपाटात, एकाच प्रतीने पडून आहे तेथे एक रात्रीची आग किंवा एक पावसाळा पुरेसा आहे. ज्या समाजाने मूर्ती डोक्यावर घेऊन नदी ओलांडली त्याला दप्तराची एक प्रत दुसऱ्या गावी पाठविणे जड जाऊ नये.

नवरात्रात आपण घरोघरी सरस्वतीपूजन करतो. पुस्तके मांडून त्यांस गंधफूल वाहतो. आमच्या स्नेह्यांच्या घरी आता एक प्रघात पडला आहे. त्या दिवशी मातोश्रींच्या आवाजाची तबकडी पुस्तकांशेजारी मांडण्यापूर्वी यंत्रात घालून अथपासून इतिपर्यंत ऐकतात, ताळा जुळतो का ते पाहतात, आणि मगच तिची पूजा होते. मडगावलाही त्याच दिवशी तसेच करतात व दूरध्वनीवरून एकमेकांस कळवितात. यंदा या कामी घरातील बारा वर्षांची नात पुढे झाली. आकडे वाचून दाखविताना ती मध्येच थांबली, पणजीच्या ओवीतील एक कोंकणी शब्द तिला अडला, आणि त्याचा अर्थ तिने आजोबांस विचारला. जतन कशासाठी करावयाचे, ते तिच्या त्या प्रश्नात आले. इत्यलम्.